अण्णा आणि सुटा धागा

येवल्यात पैठणीची पारख असलेला माणूस साडी आधी उलटी करून बघतो. मोर सुलट बाजूला जसा, तसाच उलट बाजूलाही दिसला पाहिजे. मागे धागे लोंबत असले, तर माल यंत्रावरचा. आमचे अण्णा पुस्तकांनाही हाच नियम लावत आले. चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस. फळीवर दाते पंचांग, हरिपाठ, थोरामोठ्यांची चार चरित्रं आणि बँकेची पासबुकं. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी याच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, ही तारीख ते झोपेतही सांगतील. कादंबरी मात्र घरात नाही. "जे घडलंच नाही, ते वाचून मला काय भाव मिळणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. प्रश्न विचारला नाही तरी मिळतं.

असे अण्णा गल्लोगल्ली असतात. वाचत नाहीत असं नाही. पण काय वाचत नाही, हे सांगण्यातच त्यांचा निम्मा दिवस जातो.

रहस्यकथेवर त्यांचा खास राग. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतली एक लहानपणी अण्णांनी मागाच्या खड्ड्यात, पायांशी लपवली होती. झुंजार ऐन संकटात सापडला आणि त्याच घटकेला अण्णाही सापडले. वडिलांनी पाठीत धोटा घातला आणि पुस्तक बंबात. झुंजार पुढे सुटला की नाही, हे अण्णांना आजतागायत कळलेलं नाही. मला विचाराल तर सगळं दुखणं तिथलं आहे.

गेल्या भोगीच्या आदल्या दिवशी पुण्याचा भाचा घरी एक पुस्तक विसरून गेला. डॉ. प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र'. नाव वाचून अण्णांना वाटलं, तिथीबिथीचं काहीतरी असेल. म्हणून चष्मा लावला. मग लक्षात आलं, हा तर शिवरायांच्या राजमुद्रेतला प्रतिपदेचा चंद्र. इतिहास म्हटल्यावर प्रश्नच मिटला, ते मांडी घालून बसले. आपण चक्क रहस्यकथा वाचतोय हे ध्यानात आलं, तोवर पन्नासएक पानं मागे पडली होती आणि पाठीत धोटा घालायला वडील नव्हते.

येवल्याची संक्रांत माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. तीन दिवस गाव गच्चीवर असतं. बाजार ओस, हलकडी कडाडतेय, आणि हातात नुसती चक्री नव्हे तर लांब दांड्याची आसारी. या तीन दिवसांत खाली घरात सापडणारा येवलेकर एक तर आजारी असतो, नाहीतर बाहेरगावचा. अण्णा खाली होते. काकू जिन्यातून म्हणाल्या, "अहो, पतंग नको तर नको, तिळगूळ तरी घ्या." आतून उत्तर आलं, "थांब जरा, आत्ता दार उघडतंय." काकूंनी दाराकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

करीला रात्री पुस्तक संपलं. दुसऱ्या दिवशी अण्णा मागावर बसले. हात पदरावर, डोकं पुस्तकातल्या खजिन्यावर. बांगडीतल्या चार मोरांपैकी एक पाठमोरा बसला. चार बोटं विणलेलं परत उलगडावं लागलं. एवढ्यात त्या पदराच्या नवरीच्या बापाचा फोन आला. अण्णांनी त्याला "साडी कधी" याचं उत्तर न देता, "तुमच्याकडे जुने कागद आहेत का हो?" असं विचारलं.

पण खरी पंचाईत पुढेच झाली. सुट्या धाग्याचं वेड लागलेल्या माणसाला त्याच्याच गावात तो सापडला. तात्या टोपे येवल्याचे, जन्म 1814 चा. दुसऱ्या बाजीरावाबरोबर घराणं बिठूरला गेलं. मानसिंगानं दगा दिला आणि 18 एप्रिल 1859 ला शिवपुरीत फाशी झाली, हे इंग्रजांचे कागद सांगतात. पण फासावर गेला तो तात्या नव्हेच, असं मानणारेही बरेच. इतकी वर्षं या वादाकडे अण्णांनी 'गावगप्पा' म्हणून बघितलं. आता ते चहाच्या टपरीवर, बशी हातात धरून विचारतात, "ओळख पटवली कोणी?" मग स्वतःच पानिपतावर जातात. सदाशिवरावभाऊंच्या तोतयानं पेशवाईला घोर लावला होता, न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटकही लिहिलं. "मेलेल्याचा तोतया जिवंत फिरू शकतो," अण्णा आवाज खाली आणतात, "तर जिवंताचा तोतया मरू का शकत नाही?"

यावर टपरीत कुणाला उत्तर सुचलेलं नाही. मलाही नाही, आणि खरं तर त्यांचं म्हणणं मला पटत चाललंय, हे मी घरी सांगितलेलं नाही.

कादंबऱ्यांबद्दलचं मत मात्र त्यांनी बदललेलं नाही. "ही कादंबरी नव्हे," ते म्हणतात, "हा तपास आहे." भाच्याला फोन करून असेच आणखी दोन 'तपास' मागवलेत, कुरिअरनं.

मूळ पुस्तक सध्या गल्लीत फिरतंय. कुणाला हवं असेल तर टपरीवर विचारा. त्यातली शेवटची चार पानं मात्र अण्णांनी काढून स्वतःजवळ ठेवली आहेत. ती त्यांच्याकडेच, मागाशेजारी बसून वाचायची. जाताना हाताशी तासभर ठेवा. आधी तात्या टोपे होतात, मग पानं मिळतात.