कोणी हात लावला होता?

सर्व्हर बंद पडला की येणाऱ्या माणसांची दोन गोत्रं असतात. पहिल्या गोत्राचा माणूस दारातूनच “फॉरमॅट मारावा लागेल” असं जाहीर करतो. दुसऱ्या गोत्राचा खुर्ची ओढून बसतो, पाणी मागतो आणि विचारतो, “कोणी हात लावला होता?”

अण्णा दुसऱ्या गोत्राचे. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्था, कॉलेजं, दवाखाने यांच्या दाराशी असा एक अण्णा कधी ना कधी दिसतोच. पन्नाशीचं वय, शर्टाच्या खिशात टेस्टर. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा ब्रश, खोडरबर, सीआर 2032 सेलचं एक पाकीट आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह. पदवी कसली, हे त्यांना कोणी विचारत नाही. माणसाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवणं, हीच त्यांची खरी विद्या.

त्यांच्या प्रश्नाला उत्तरं ठरलेली असतात, आणि त्या उत्तरांचा अर्थही अण्णांकडे ठरलेला असतो. “कोणीच नाही” म्हणजे एकाने लावला. “आपोआप बंद झाला” म्हणजे दोघांनी लावला. “काल संध्याकाळपर्यंत मस्त चालू होता” म्हणजे काल दुपारीच बंद पडला, मॅनेजरांना आज कळलं.

पुरावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा फोटो आधीच आलेला असतो. त्यात ट्यूबलाइट स्वच्छ दिसते, काढणाऱ्याचा अंगठा दिसतो आणि हवी ती ओळ नेमकी दोघांच्या मध्ये गडप होते. शिवाय लोक शेवटच्या ओळीचाच फोटो काढतात. “शेवटची ओळ ही नुसती बोंब असते,” अण्णा म्हणतात. “चोरी वरच्या ओळींत झालेली असते.”

परवा सोमवारी सकाळी दहाला, पिग्मी एजंट काउंटरबाहेर ताटकळत असताना, अण्णांनी पतसंस्थेच्या सर्व्हरचं बटण दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पंखे गरजले, मॅनेजर दोन पावलं मागे सरले. मग पंखे निवले, पण स्क्रीन काळाच. सर्व्हर उठताना आधी स्वतःचीच झडती घेतो: प्रोसेसर, मेमरी, कार्डं, डिस्कचा कंट्रोलर. मेमरी भरपूर असली की या झडतीत काही मिनिटं जातात. घरच्या लॅपटॉपची सवय झालेल्यांना एवढा धीर कुठला? ते “हँग झाला” म्हणून बटण दाबून धरतात आणि झडती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अण्णांच्या मते निम्मे बंद पडलेले सर्व्हर बंद पडलेले नसतातच, त्यांना उठू दिलेलं नसतं.

त्यांचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवला, तर त्या फेरीत केबलला हात नाही. सगळंच एकदम बदललं आणि सर्व्हर सुरू झाला, तर कशाने झाला हे देवालाही सांगता यायचं नाही, असं ते म्हणतात. देवावरही त्यांचा पुरता भरवसा नाही. खंडेनवमीला याच सर्व्हरची पूजा झाली होती, तेव्हा झेंडूच्या पाकळ्या पुढच्या जाळीतून आत ओढल्या गेल्या आणि पंखा अडकला. पुढे मदरबोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल संपला. वीज गेली आणि सर्व्हर कुठल्या डिस्कवरून उठायचं हेही विसरला, तारीखही विसरला. उठवला तेव्हा घड्याळात कुठलीशी जुनी 1 जानेवारी होती. त्या तारखेने मुदत ठेवींचा हिशेब झाला असता, तर ठेवीदारांनीच संस्थेला व्याज द्यायचं ठरलं असतं. मग दोन जुळ्या डिस्कांपैकी एक गेली. तिचा नारिंगी दिवा कित्येक दिवस लुकलुकत होता आणि शिपाईमामा त्याला रोज उदबत्ती दाखवत होते. “दोन डिस्का आहेत, म्हणजे बॅकअप आहेच की,” मॅनेजर म्हणाले. “साहेब, चुकून खोडलेली नोंद दोन्हीकडून एकदमच खोडली जाते,” अण्णा म्हणाले. त्यानंतर यूएसबीची वेगळी बॅकअप डिस्क आली.

19 जुलै 2024 या दिवसाची आठवण अण्णा सणासारखी काढतात. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं कोलमडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय, तर बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन सेफ मोडमध्ये शिरायचं आणि एक फाइल खोडायची. “कंपनीचंच अपडेट आहे म्हणून ठेवला ना विश्वास?” अण्णा अजूनही विचारतात.

सोमवारची केस मात्र साधी निघाली. झडती संपली, लिनक्सच्या ओळी धावल्या आणि एका ओळीशी थबकल्या. सर्व्हर दीड मिनिट कोणाची तरी वाट बघत राहिला, मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागू लागला. उठताना कुठल्या डिस्का जोडायच्या याची यादी एफएसटॅब नावाच्या फायलीत असते. त्या यादीतली एक डिस्क गैरहजर होती.

“बॅकअपची डिस्क कुठाय?”

“असेल की तिथेच,” मॅनेजर म्हणाले.

“साहेब, सर्व्हर नाही म्हणतोय.”

खोलीतल्या सगळ्यांना एकदम काउंटरवरचं काम आठवलं. शेवटी शिपाईमामा पुटपुटले, “शनिवारी सर्व्हर बंद केल्यावर चेअरमनसाहेबांचा मुलगा घेऊन गेला. लग्नाचं शूटिंग कॉपी करायला.”

“पण हात कोणी नाही हं लावला,” कॅशियरताई घाईने म्हणाल्या.

अण्णांनी यादीतल्या त्या ओळीला ‘नोफेल’ एवढं जोडलं, म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर अडून बसणार नाही. सर्व्हर उठला, पिग्मी एजंट आत आले.

मग दुरुस्त्यांची वही निघाली. कारणाच्या रकान्यात अण्णांनी लिहिलं, ‘विजेच्या दाबातील चढउतार’. चेअरमनांच्या मुलाचं नाव लिहिलं असतं, तर बिल मंजूर कोणी केलं असतं? वीज बिचारी खुलासा मागायला येत नाही. त्यामुळे अख्खी वही तिच्याच गुन्ह्यांनी भरली आहे: झेंडूही तिच्याच नावावर, सेलही तिच्याच, जुळी डिस्कही तिच्याच.

अण्णांच्या हाताखाली शिकायला आलेल्या पोराने ती वही चाळली आणि तो उत्साहाने म्हणाला, “अण्णा, इथे मुळात विजेचाच प्रॉब्लेम दिसतोय.”

“अक्षर कोणाचं आहे?”

“तुमचं.”

“मग त्यावर अजिबात विश्वास ठेवू नकोस.”