सासूबाई पाकिटावर

गोडा मसाला करायला एक बाई पुरते. त्याचा लोगो ठरवायला मात्र अख्खं खानदान लागतं, आणि त्यातलं निम्मं नाशिक-पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर मतं पाठवत असतं.

आमची डोंबिवलीची काकू वर्षानुवर्षं ओळखीपाळखीत मसाला करून देते. मागणी वाढली तसा अन्नपरवाना आला, वजनकाटा आला, पाव किलोच्या बरण्या आणि पन्नास ग्रॅमची पाकिटं आली. मग कुणीतरी म्हणालं, "ब्रँड म्हटला की लोगो हवाच." हे 'कुणीतरी' म्हणजे माझा भाचा. तो डिझाइन शिकलाय आणि त्याला गिऱ्हाईक हवं होतं. मला बोलावलं ते शुद्धलेखनासाठी. लोगोत शुद्धलेखन ते किती असणार, पण कुणी मान दिला की जावं.

भाच्यानं लॅपटॉप उघडून लोगोच्या जाती सांगितल्या. नुसती अक्षरं, आद्याक्षरं, चित्र, अमूर्त आकार, मोहोर आणि मॅस्कॉट. काका म्हणाले, "सगळं एकातच नाही का बसणार? पैसे एकदाच द्यायचेत ना?"

आद्याक्षरं लगेच बाद झाली. काकूच्या नावाचा एस, होमचा एच आणि इंडस्ट्रीजचा आय अशी तीन इंग्रजी अक्षरं त्यानं हिरव्या रंगात एकमेकांत सुरेख गुंतवली होती. आत्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "शी." आयबीएमची अक्षरं पॉल रँडनं पट्ट्यापट्ट्यांची केली आणि ती जगभर शोभली, हे खरं. पण पूर्ण नाव लोक विसरले तरी ज्यांचा धंदा चालतो, आद्याक्षरं त्यांनाच परवडतात.

मग चित्र. गोड्या मसाल्याचा प्राण म्हणजे दगडफूल, म्हणून दगडफूल काढलं. दगडफूल कितीही कलात्मक काढा, ते त्वचारोगाच्या मलमाच्या जाहिरातीसारखंच दिसतं. आत्याला अन्नपूर्णा हवी होती. यावर काकूनं एकच प्रश्न विचारला, "मसाला संपल्यावर देवीला कचऱ्यात टाकायचं कुणी?" आत्या गप्प झाली. तिच्या कपाटात लग्नपत्रिकांवरून कापून ठेवलेल्या गणपतींचा गठ्ठा आहे. त्यांचं काय करायचं हे तिला अजून सुचलेलं नाही.

काका निवृत्त बँकवाले, त्यामुळे त्यांचा जीव मोहरेत. गोलात पाटा-वरवंटा, दोन्ही बाजूंना मिरच्या, मागे उगवता सूर्य, खाली संस्कृत ब्रीद, आणि जमलं तर स्थापना वर्ष. पाकिटावर लोगोला जागा सव्वा इंच. छापखानेवाल्यानं कागद दूर धरून बघितला. "काका, या मिरच्या बुजणार. सूर्याचं बटण होईल. आणि पाच रंग म्हणजे पाच सिलेंडर."

"गॅसचे?" काकू दचकली.

छपाईचे. प्लास्टिकच्या पाकिटांवर छापताना दर रंगाला वेगळा कोरलेला सिलेंडर लागतो आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. काकांनी जागच्या जागी सूर्य मावळवला.

अमूर्त आकाराची वेळ आल्यावर भाचा खुलला. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ १९७१ चं, शेखर कामतांचं. त्यात कुणाला कुलपाचं भोक दिसतं, कुणाला अहमदाबादचा कांकरिया तलाव. त्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं नाइकीची ती वळणदार खूण काढली, ३५ डॉलरला. इथे भाच्याचं चुकलं. आकडा ऐकताच काकांच्या चेहऱ्यावर जुना कॅशियर अवतरला. कंपनीनं पुढे तिला शेअर दिले, हे त्यानं घाईघाईनं सांगितलं. "तुलाही देऊ," काका म्हणाले, "तूर्त दोन किलो मसाला घेऊन जा."

खरी मजा मॅस्कॉटला आली. एअर इंडियाचा महाराजा १९४६ चा, बॉबी कूका आणि उमेश राव यांचा. रंगाचा डबा घेतलेला एशियन पेंट्सचा खोडकर गट्टू १९५४ चा, आर. के. लक्ष्मण यांचा. मॅस्कॉटचा फायदा असा, की तो रजा मागत नाही आणि म्हातारा होत नाही. भाच्यानं आमच्यासाठी नऊवारीतली, नथ घातलेली, हातात पळी घेतलेली एक ठसठशीत बाई काढली होती. ती म्हणे काकू. आमची काकू पंजाबी ड्रेस घालते आणि सकाळी बुटांत पाय घालून फिरायला जाते. तिनं चित्र बघितलं आणि तिचा आवाज चढला.

"या तर सासूबाई!"

खोलीत शांतता पसरली. काकांचे डोळे भरून आले. तेवढ्यानं काकूचा पारा आणखी चढला. "दगडफूल किती घालायचं ते जाईपर्यंत सांगितलं नाही त्यांनी मला. वीस वर्षं अंदाजानं घालतेय. आणि आता आयत्या पाकिटावर येऊन बसणार?"

उरली नुसती अक्षरं. माझं मत पहिल्यापासून तेच होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा. वर्तमानपत्रात काळ्या-पांढऱ्या एवढ्याशा चौकटी, एकमेकींना खेटून. कमल शेडगे यांनी शेकडो नाटकांची नावं रेखाटली. नाटक गंभीर की फार्स, ते अक्षराच्या वळणावरूनच कळायचं. सूर्य नाही, मिरच्या नाहीत. वरची शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एकत्र बांधून ठेवते, हे काम रोमन लिपीत डिझायनरला स्वतः करावं लागतं. फक्त 'गोडा मसाला'त चार काने येतात आणि उभ्या रेघाच रेघा होतात. मग भाच्यानं काकूचं नाव ठळक घेतलं, मसाला खाली बारीक. एकच रंग, तपकिरी. छापखानेवाला खूश, काका खूश. आत्यानं वाचून बघितलं. काही वावगं ऐकू आलं नाही.

बरण्या दुकानात गेल्या, खपल्या. मध्यंतरी ठोकवाल्याकडे लाल झाकणं संपली होती म्हणून काकूनं हिरवी लावली. आठवडाभर फोन वाजत होता. मसाला बदलला का, पूर्वीची चव नाही, ही दुसरी कंपनी का? लोगो तोच, सव्वा इंच, तपकिरी. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

काकांनी भाच्याला फोन लावून विचारलं, झाकणाचे वेगळे पैसे पडतात का.