सोसायटीने लावलेले दिवे

सकाळचे अकरा वाजलेत. डोक्यावर लख्ख ऊन. सोसायटीच्या गेटवरचे दोन्ही दिवे मात्र चालू आहेत आणि त्यांच्या मधोमध पाटी आहे : ‘वीज वाचवा’. पाटी नीट वाचता यावी म्हणूनच दिवे चालू ठेवले असावेत.

हे दृश्य पाहायला लांब जावं लागत नाही. ठाण्यात दिसतं, नाशकात दिसतं, सांगलीतही दिसतं. कमिटीत कुणाला विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं. ‘‘अहो, एलईडी आहेत ते! कितीसं बिल येणार?’’ एलईडी बसवला की बचत आपोआप सुरू होते आणि माणसाचं काम संपतं, ही आपल्या सहकारी गृहनिर्माण चळवळीची अढळ श्रद्धा आहे.

आता गंमत बघा. सेक्रेटरींचा हिशोब चुकीचा नाही. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब चार तास लावला तर २४० वॅट-तास खर्च व्हायचे. नऊ वॅटचा एलईडी अख्खा दिवस आणि अख्खी रात्र जळला तरी २१६. म्हणजे चोवीस तासांचा बेशिस्त एलईडी चार तासांच्या शिस्तशीर बल्बपेक्षा स्वस्त पडतो. हिशोब बरोबर आहे आणि नेमका तिथेच घोळ आहे. चूक परवडायला लागली की ती दुरुस्त कोण करणार?

हे दुखणं जुनं आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच सांगून ठेवलं होतं, की कमी कोळसा खाणारी इंजिनं आल्याने देशाचा कोळसा वाचणार नाही, उलट जास्त जळेल. स्वस्त झालं की माणूस हात सैल सोडतो. जेव्हन्ससाहेबांनी आपलं कंपाउंड पाहिलं नव्हतं, एवढंच. पाच पिवळ्या बल्बांच्या विजेत तेहतीस एलईडी जळतात हे कळताच आपण तेहतीस दिवे लावून मोकळे झालो. गेटवर दोन, कंपाउंडच्या प्रत्येक खांबावर एक, सोसायटीच्या नावावर चार, तुळशीजवळ एक आणि कचऱ्याच्या डब्यांमागे एक. डब्यांमागे रात्रभर उजेड कुणासाठी, हे फक्त मांजरांना ठाऊक.

बल्ब स्वस्त करायचं काम सरकारने चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’त सीएफएल १५ रुपयांना मिळायचा. मग ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना आली आणि ३६ कोटींहून जास्त एलईडी घरोघरी गेले. २०१४ च्या सुरुवातीला जो बल्ब सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. एवढी घसरण आपल्याकडे फक्त टोमॅटोच्या भावात बघायला मिळते.

तर बल्ब बदलला. तो ज्या सेन्सरच्या हुकमाने पेटतो-विझतो, तो मात्र बहुतेक ठिकाणी जुनाच राहिला. किंवा नवा आणला तोही सर्वांत स्वस्त. आणि इथून पुढे खरी करमणूक सुरू होते.

या सेन्सरला बाजारात ‘डे-नाइट’ म्हणतात. त्याच्या काळ्या डबीला एक पारदर्शक खिडकी असते. आत नखाएवढी चकती आणि तिच्यावर नागमोडी रेघ. ही रेघ बहुधा कॅडमियम सल्फाइडची. अंधारात ती विजेला अडवते, उजेड पडला की वाट देते. सेन्सरची सगळी अक्कल एवढीच. त्याला घड्याळ कळत नाही, अमावास्या कळत नाही, कमिटीचा ठराव तर मुळीच कळत नाही. त्या खिडकीत उजेड आला की दिवस, नाही आला की रात्र. आता ही खिडकी आपण कशी ठेवतो?

कावळा तिच्यावर बसून आपला अभिप्राय नोंदवून जातो. रस्त्याच्या खोदकामाची धूळ तिच्यावर थर देते. कोळी जाळं विणतो. इमारतीला रंग द्यायला घेतला की रंगारी भिंतीबरोबर सेन्सरवरूनही ब्रश फिरवतो, तोही दोन हात, कारण कंत्राटात तसं लिहिलेलं असतं. मग सेन्सरच्या नशिबी कायमची रात्र येते आणि दिवे भर दुपारी इमानेइतबारे कामावर हजर होतात.

उलटंही होतं. गणपतीत मंडपाचा हॅलोजन नेमका सेन्सरवर येतो. सेन्सरला वाटतं उजाडलं. मग मंडपात झगमगाट आणि मागच्या पार्किंगमध्ये दहा रात्री ठार अंधार! विसर्जनानंतर दिवे आपोआप सुरू होतात आणि लोक म्हणतात, बाप्पाची कृपा.

काही ठिकाणी वायरमन सेन्सर थेट दिव्याखालीच ठोकतो. तार कमी लागते ना! दिवा लागला की सेन्सरला उजेड दिसतो, तो दिवा बंद करतो. अंधार झाला, तो पुन्हा दिवा लावतो. असा हा लपंडाव पहाटेपर्यंत चालतो. पिवळ्या बल्बने हे सोसलंही असतं. सीएफएल मात्र प्रत्येक वेळी चालू होताना आयुष्याचा एक तुकडा मोडून देतो. पाच वर्षं टिकणारा दिवा पाच महिन्यांत काळा पडला, की आपण दुकानदाराशी भांडायला जातो.

आता पहिल्या तक्रारीकडे, म्हणजे दिव्यांच्या लुकलुकण्याकडे वळू, कारण त्यावर सोसायट्यांमध्ये बराच वेळ आणि थोडी लिंबं खर्च झालेली आहेत. बंद असलेला दिवा मिणमिणतो किंवा थांबून थांबून डोळा मारतो. मग पुढचा संवाद असा :

‘‘साहेब, बल्ब डुप्लिकेट आलाय.’’

बल्ब बदलतात. लुकलुक चालूच.

‘‘साहेब, लाइनलाच प्रॉब्लेम आहे.’’

वीज कंपनीचा माणूस येतो, मीटरला टेस्टर लावतो. ‘‘आमच्याकडून ओके आहे. आतलं वायरिंग बघून घ्या.’’

‘‘साहेब, मग अख्खं वायरिंगच काढावं लागेल.’’

आजारापेक्षा इलाज मोठा झाला की त्याला आपण ‘एस्टिमेट’ म्हणतो.

खरं कारण साधं आहे. स्वस्तातल्या बऱ्याच सेन्सरना दोनच तारा असतात, न्यूट्रल नसतो. स्वतः जागं राहायला त्यांना थोडी वीज लागते आणि ती ते दिव्यातूनच ओढतात. पिवळ्या बल्बच्या तारेतून एवढीशी वीज गेली तरी ती तापायचीही नाही, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही. एलईडी आणि सीएफएलच्या पोटात मात्र कपॅसिटर असतो. गळक्या नळाखाली ठेवलेल्या तांब्यासारखा तो थेंबाथेंबाने भरतो आणि भरला की सांडतो. तो सांडला की दिवा एकदा चमकतो. यात भूत नाही, डुप्लिकेट माल नाही आणि वीज कंपनीचा दोषही नाही. तीन तारांचा, न्यूट्रल जोडलेला, रिलेवाला सेन्सर घेतला की भूत निघून जातं.

दुसरी तक्रार : दिवे लागतात, पण सकाळी बंद होत नाहीत. सेन्सरवर ‘इतके ॲम्पिअर’ असं मोठ्या आकड्यात छापलेलं असतं. तो आकडा बहुतेकदा तारेच्या बल्बांसाठी असतो. एलईडी चालू होताना त्याचा कपॅसिटर एका क्षणात भरपूर वीज गिळतो. एका सेन्सरवर तेहतीस दिवे लावले तर तेहतीस जण एकदम पंगतीला बसतात. त्या झटक्याने रिलेचे पॉइंट तापून एकमेकांना चिकटतात. मग कितीही ऊन पडो, दिवे चालू ते चालूच. वायरमन येतो, टेस्टरच्या मुठीने डबीवर टकटक करतो. पॉइंट सुटतात, दिवे विझतात आणि टकटकीचे दोनशे रुपये होतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा टकटक. यालाच देखभाल म्हणतात.

जाताना हा कारागीर आणखी एक पुण्य करून जातो. सेन्सर चालतोय का ते भर दिवसा बघायचं, म्हणून खिडकीवर काळी टेप लावतो. दिवे लागतात. सगळे समाधानाने मान डोलावतात. पैसे घेऊन तो जातो, टेप तिथेच राहते.

तिसरी तक्रार आयुष्याची. खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात. रोज बारा तास धरले तर पावणेसहा वर्षं झाली. पण आपण तो बल्ब गेटच्या खांबावरच्या बंद काचेच्या गोळ्यात ठेवतो. पिवळ्या बल्बला उकाड्याचं काही नव्हतं, तो स्वतःच भट्टी होता. एलईडीच्या बुडात इलेक्ट्रॉनिक्स असतं. गोळ्यात उष्णता कोंडली की आतला कपॅसिटर सुकत जातो. त्यातच पहिल्या पावसानंतरचे किडे गोळ्यात शिरतात आणि तिथेच समाधी घेतात. मग बल्ब दोन वर्षांत जातो आणि आपण सरकारला, चीनला आणि शेवटी सेक्रेटरींना शिव्या देतो.

या सगळ्यावरचा इशारा बल्बच्या खोक्यावर अनेकदा छापलेला असतो. डिमर, फोटोसेल (म्हणजे आपला हाच सेन्सर), टायमर यांच्यासोबत वापरू नये. बंद फिटिंगमध्ये लावू नये. सीएफएलच्या जमान्यापासून हे छापत आलेत. पण खोक्याचा पुढचा भाग मोठा आणि रंगीत, मागचा भाग मुंगीच्या अक्षरात. आपण किंमत वाचतो, मग ‘एकावर एक फ्री’ वाचतो. तोवर खोकं कचऱ्यात गेलेलं असतं.

सर्वांत जास्त गंमत वॉचमनच्या बाबतीत झाली. पूर्वी एक बटण होतं. संध्याकाळी वॉचमनकाका ते दाबायचे, सकाळी बंद करायचे. महिन्यातून एखाद्या दिवशी विसरायचे. तेवढ्यावरून सभेत ठराव झाला : ‘माणसावर विसंबून चालणार नाही.’ सेन्सर आला, बटण काढलं. आता काका भर दुपारी पेटलेल्या दिव्याखाली खुर्ची टाकून बसतात. दिवा चालू आहे हे त्यांना दिसतं, पण बंद करायला त्यांच्या हातात काही नाही. सेन्सर बारा फुटांवर, शिडी सेक्रेटरींच्या गॅलरीत आणि गॅलरीची चावी बंगळुरूला.

रस्त्यावरच्या दिव्यांची तर गोष्टच निराळी. ‘उजाला’च्याच दिवशी देशभरच्या पथदिव्यांची योजना सुरू झाली आणि एक कोटीहून जास्त पथदिवे एलईडी झाले. काही ठिकाणी ते दुरून चालू-बंद करायची सोयही आली. तरीही दुपारी बारा वाजता ओळीने पेटलेले खांब दिसतातच. घरच्या दिव्याला मालक असतो. रस्त्यावरच्या दिव्याला फक्त उद्घाटक असतो.

उपाय फार थोडे आहेत आणि त्यांना एस्टिमेट लागत नाही. न्यूट्रलवाला सेन्सर घ्या, आणि डबीवर एलईडीसाठी किती वॅट चालतील ते वेगळं छापलंय का बघा. तो मोकळ्या आकाशाकडे, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून लावा, म्हणजे थेट उन्हाने चकती भाजणार नाही. स्वतःचाच दिवा त्याला दिसू देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत त्याची काच पुसा. सेन्सर पोटातच असलेले बल्ब मिळतात, ते चांगले आहेत. पण ते दुधी काचेच्या बंद गोळ्यात किंवा आधीच सेन्सर असलेल्या होल्डरला लावू नका. एका दिव्याला दोन साहेब झाले की दिवा कुणाचंच ऐकत नाही.

टायमर लावणार असाल तर साडेसहाला एकदा लावून वर्षभर विसरू नका. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून गेल्यावर. तारखेनुसार सूर्यास्त स्वतःच काढणारे टायमरही आता मिळतात. नसेल घ्यायचा, तर घरातल्या पंचांगात रोजचा सूर्योदय-सूर्यास्त छापलेला असतोच. राहुकाळ बघताना तेवढ्या ओळीवरही नजर टाकता येईल.

आणि एक साधं बटण परत बसवा, वॉचमनकाकांच्या हाताला येईल असं. यंत्र चुकलं तर ते थांबवायची मुभा कुणाला तरी हवी, आणि दिवसभर गेटवर त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

बाकी, पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगची भांडणं आटोपून पाच मिनिटं उरली, तर एक ठराव मांडून बघा : बल्ब आणायला जाणाऱ्याने सोबत चष्मा न्यावा आणि खोक्याची मागची बाजू वाचूनच पैसे द्यावेत. विरोध अजिबात होणार नाही. जो ठराव पाळायचा नसतो, तो आपल्याकडे नेहमीच एकमताने मंजूर होतो.