रविवारचा बल्लव

रविवारचा बल्लव म्हणजे आठवड्यातून एकदाच, एकच पदार्थ रांधणारा आणि उरलेले सहा दिवस त्याविषयी बोलणारा विवाहित गृहस्थ. मराठी माणूस जिथे जिथे गेला तिथे तो आढळतो. पण त्याची पूर्ण वाढ झालेली जात पाहायची, तर छत्तीसगडात दुर्ग जिल्ह्यातल्या चरोद्याला, रेल्वेच्या क्वार्टरांत जावे लागते. त्याचा पदार्थ म्हणजे मटणाचा रस्सा. त्यात आलू पडावा की पडू नये, हा त्याच्या संसारातला इतक्या वर्षांत न मिटलेला एकमेव तात्त्विक वाद.

चरोदा हे रायपूर-दुर्ग मार्गावर कुम्हारी आणि भिलाई-३ यांच्या मधले गाव. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार होऊन भिलाईला पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, बाहेरून येणारा कोळसा आणि तयार पोलाद या सगळ्यांच्या वाघिणी निवडून जोडायला जे मोठे यार्ड लागले, ते चरोद्याला झाले. भिलाई मार्शलिंग यार्ड हे त्याचे नाव कागदावर, बोलण्यात ‘बीएमवाय’. इथे नागपूर, भंडारा, गोंदियाकडची माणसे का, याचे उत्तर त्याहून जुने आहे. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. बंगाल-नागपूर रेल्वे तर १८८७ पासूनची. बल्लवाचे आजोबा इंजिनात कोळसा टाकत, वडील शंटिंग करत, आणि बल्लव स्वतः मालगाडी चालवतो किंवा तिच्या शेवटच्या डब्यात बसतो. या शेवटच्या डब्यातल्या गार्डाला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. घरात मात्र त्याला अजून कोणीच मॅनेजर म्हणत नाही.

वडिलांच्या हातचे मटण खाऊन एका रशियन इंजिनिअराच्या डोळ्यांत पाणी आले होते, असे प्रत्येक बल्लव सांगतो. रशियन त्या काळी भिलाईत होते हे खरे आणि मटण तिखट होते हेही खरे, त्यामुळे पाण्याचे कारण कौतुकच असले पाहिजे असे नाही.

बल्लवाचा रविवार रविवारीच येतो, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. मालगाडीला वेळापत्रक नसते, ड्युटी लावणाऱ्या लॉबीतून फोन आला की निघायचे असते. रनिंग स्टाफला नियमाने महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांती मिळायला हव्यात. त्या कोणत्या वारी पडतील हे विधिलिखित. त्यातून सोमवार महादेवाचा, मंगळवार हनुमानाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार पुन्हा हनुमानाचा, कारण तिथे मंगळवारचा हिशेब पुरत नाही. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. पैकी शुक्रवारी सासूबाई आलेल्या असल्या तर तोही जातो. विश्रांती आणि वार यांची गाठ पडली की त्या दिवसाला घरात रविवार म्हणतात, मग भिंतीवरचे कॅलेंडर काहीही म्हणो. मटणाबरोबर ‘थोडी’ घ्यायची की नाही हा प्रश्न रेल्वेने परस्पर सोडवला आहे: ड्युटीवर रुजू होताना यंत्रात फुंकर मारावी लागते.

खरा पेच पावसाळ्यात पडतो. छत्तीसगडात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावस्येला. त्यामुळे शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला सुटतो; बल्लवाचा श्रावण सावन लागल्यावर पंधरा दिवसांनी लागतो आणि पोळ्याला सुटतो. दोन्ही पाळायचे तर दीड महिना कोरडा जातो. बल्लवाने यावर अभ्यास केलेला आहे. गुरुपौर्णिमेनंतर तो कडवा मराठी असतो: ‘आपला श्रावण अजून लागला नाही.’ राखी झाल्याबरोबर तो पक्का छत्तीसगढिया होतो: ‘इथे राहतो तर इथलं पाळलं पाहिजे, सावन सुटला.’ अशा रीतीने दोन्ही पंचांगांचा मान राखून त्याचा उपास पंधरा दिवसांवर येतो. या पंधरवड्याच्या तोंडाशी येणारी अमावस्या शेजारी हरेली म्हणून साजरी करतात; अवजारांची पूजा होते, पोरे गेडीवर चढतात, चिला होतो. त्याच दिवशी जिवतीची पूजा करणाऱ्या घरात बल्लव श्रावण लागण्याआधीचा शेवटचा रस्सा चढवू पाहतो. बल्लवाची पत्नीही दोन्ही पंचांगे जाणते, पण बेरीज वेगळी करते. गुरुपौर्णिमेला ती मटणाचे भगुणे घासून माळ्यावर ठेवते आणि ते पोळ्याच्या करीला खाली उतरते. शास्त्रार्थात बल्लव आजवर हरलेला नाही. माळ्याची शिडी मात्र पत्नीच्या ताब्यात आहे.

एरवी दिवस ठरला की बल्लव सकाळी पिशवी घेऊन निघतो. हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर प्रवास. मटणवाल्याशी तो हिंदीत बोलतो, आणि हात मागे बांधून, साहेब इन्स्पेक्शनला आल्यासारखा: ‘सीना दे, चाप दे, पुठ्ठा थोडा, नल्ली दो, और चरबी मत चिपकाना।’ मटणवाला त्याला तीस वर्षे ओळखतो. तो मान डोलावतो आणि जे द्यायचे तेच देतो. भाजीच्या पसऱ्यापाशी बल्लव छत्तीसगढीत शिरतो: ‘गोंदली का भाव हे, दाई?’ धमध्याकडचे टमाटे स्वस्त असले तरी तो घेत नाही. टमाटा म्हणजे ज्यांना मसाला जमत नाही त्यांची सोय, असे त्याचे मत. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवतो आणि पंख्याखाली बसतो. स्वयंपाकातला त्याचा अर्धा वाटा इथे संपला.

पुढचे काम कोण करते, हा भाग बल्लवाच्या कथनात कर्मणी प्रयोगात येतो. कांदे भाजले जातात. खोबरे किसले जाते. धने, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, काळी मिरी हे सगळे निवडून, परतून, वाटले जाते. लसूण सोलला जातो, सांबार निवडला जातो, मटण तीन पाण्यांतून निघते. हे सारे वाट्यांत मांडून झाले की हाक जाते, आणि बल्लव बनियनवर येऊन गॅसपुढे उभा राहतो. पुढची चाळीस मिनिटे स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणी पाऊल ठेवायचे नाही. ठेवलेच, तर काहीतरी हातात द्यायला.

पाककृती सावजी असल्याचा त्याचा दावा आहे. सावजी जेवण मूळचे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचे: काळपट वाटण, जवसाचे तेल आणि कपाळावर घाम. बल्लव विणकर नाही, पण त्याचा कोणीतरी मित्र इतवारीत राहत होता, आणि अधिकारासाठी तेवढे पुरते. जवसाचे तेल नागपूरचेच हवे, असा त्याचा हट्ट. त्यासाठी तिकडे ड्युटीवर जाणाऱ्या-येणाऱ्या सहकाऱ्यांकरवी बाटल्या मागवल्या जातात. चरोद्याच्या अवतीभवतीच्या धानाच्या शेतांत उतेरा पद्धतीने, म्हणजे उभ्या धानातच बी फेकून, जवस पिकतो. पण तो इथे ‘अलसी’ या नावाने वाढतो, त्यामुळे बल्लवाच्या नजरेस पडत नाही.

सावजी मटणाच्या रश्श्यात आलू नसतो. इथून वादाला तोंड फुटते.

किलोभर मटण शिजताना पाणी आणि चरबी सोडून चांगले आकसते, त्यात हाडांचे वजन वेगळे. घरात माणसे सहा. आणि बल्लवाने सकाळी मटणवाल्याच्या दुकानात, भाजीच्या पसऱ्यावर आणि परतीच्या वाटेवर भेटलेल्या प्रत्येकाला ‘या संध्याकाळी’ म्हटलेले असते. हा हिशेब करणारी व्यक्ती घरात एकच आहे, आणि ती दारात चार सोललेले आलू घेऊन उभी राहते.

‘अवो, आलू टाकू काय?’

‘मटणात आलू? थांब ना वं! हात नोको लावू.’

आलूचा हा धडा तिला भिंतीपलीकडच्या बंगाली वहिनींकडून मिळालेला असतो. बंगाली घरातला रविवारचा मांसाचा झोल आलूच्या मोठ्या फाकींशिवाय पुरा होत नाही. कलकत्त्याच्या बिर्याणीतही आलू असतो, आणि तो अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ साली मटियाबुर्जला जाऊन राहिला तेव्हापासून आला, असे सांगतात. मटियाबुर्ज गार्डन रीचला लागून आहे, आणि गार्डन रीच म्हणजे जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालय. रूळ नागपूरहून निघून कलकत्त्याला पोचतात, तर त्याच रुळांवरून मसाला इकडून आणि आलू तिकडून येऊन दोघांची गाठ मधे चरोद्याच्या यार्डात पडली, यात नवल नाही. बल्लव ज्याला भेसळ म्हणतो तो खरे तर त्याच्या खात्याचाच इतिहास आहे. लँकशायरच्या गिरणी मुलखातही मटणावर आलूच्या चकत्यांचा थर देऊन भांडे भट्टीत सोडून देतात. तिथल्या कर्त्या पुरुषांनी काय आक्षेप घेतले, ते त्यांच्याकडे विचारावे.

वाद चालू असताना शास्त्र आपले काम करत असते. हाडालगतच्या चिवट भागातले कोलॅजेन सावकाश विरघळते आणि तेव्हाच मटण मऊ पडते. कुकरमध्ये दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून हे काम लवकर होते. आलूचा स्टार्च त्याच्या निम्म्या उष्णतेलाच फुगू लागतो. दोन्ही एकदम टाकले तर मटण शिजेपर्यंत आलूचे पिठले होते. तेव्हा मटण बारा आणे शिजल्यावर आलू मोठ्या फोडींनी सोडायचा, झाकण लावायचे, आच मंद ठेवायची. फोडीच्या कडा थोड्या सुटतात, रस्सा अंगचा दाट होतो, आणि मसाल्याची धार कमी न होता घशाला लागायची थांबते. वर आंबट काही पडले असेल तर फोड लवकर शिजत नाही; बल्लवाने टमाटा नाकारला तो असा नकळत आलूच्या पथ्यावर पडतो.

मटण नेमके बारा आणे शिजलेले असते तेव्हा लॉबीतून फोन येतो, किंवा बल्लवाला तसे वाटते, किंवा कोणीतरी फाटकाशी त्याला आवाज देते. तो दोन मिनिटे बाहेर जातो. परत येतो तेव्हा झाकण लागलेले असते. झाकण उघडायचे नाही, वाफ जाते, हा नियम त्याचाच. त्यामुळे आत काय पडले हे त्याला पंगतीपर्यंत कळत नाही, निदान कळले असे तो दाखवत नाही.

जेवायला बसताना नियम कडक आहेत. तर्री वरून काढून आधी पाहुण्यांना. नळी थोरल्या नातवाला, ती ताटावर आपटायचा मान आजोबाला. पहिल्या घासानंतर बल्लव जेवत नाही, चेहरे पाहतो. ‘कसं झालं?’ या प्रश्नाला ‘चांगलं’ हे उत्तर अपुरे धरले जाते. किमान घाम अपेक्षित आहे. भाकरी, भात, कांदा, लिंबू हे आपोआप येत राहतात. पाहुण्यांपैकी एखादा भाबडा म्हणतो, ‘काका, आलू काय झालाय!’ तेव्हा काका ऐकू न आल्यासारखे करतात आणि स्वयंपाकघरातून भांडे सरकवल्याचा जरा मोठा आवाज येतो. पत्नीच्या ताटात शेवटी जे येते ते पाहता, आलूवर तिचा एवढा भर का, याचे आणखी एक व्यवहारी कारण सापडते.

रात्री भगुण्याच्या तळाशी रस्सा आणि फोडी उरतात. मटण उरल्याची नोंद कोणत्याही घरात नाही. रात्रभरात मसाला फोडींत मुरतो आणि दुसऱ्या दिवशी चव आदल्या दिवसापेक्षा चढते. सोमवारी घरात महादेवाचा वार, त्यामुळे हे सगळे चार कप्प्यांच्या डब्यात भरून बल्लवाबरोबर ड्युटीवर जाते. गाडी पुढे निघाली की चरोद्याचा महादेव मागे राहतो, असा त्याचा निर्वाळा. रनिंग रूममध्ये डबा उघडला जातो. सोबतचा असिस्टंट वाकून पाहतो आणि मटण कुठे आहे म्हणून विचारतो. बल्लव फोड अर्धी करून त्याच्या पोळीवर ठेवतो आणि सांगतो, ‘मटण तर कोणीही शिजवतं रे. आलू कधी सोडायचा, ते समजायला हात लागतो.’