उलटं सोवळं

हातात निळे नायट्राइलचे हातमोजे चढले की माणसाच्या अंगात काय संचारतं, हे रसायनशास्त्राला अजून उकललेलं नाही. उघड्या हाताने ब्युरेट धरायला कचरणारा एस.वाय.चा विद्यार्थी हातमोजे घातल्यावर तीव्र सल्फ्युरिकची बाटली बेधडक काखोटीला मारतो. मग त्याच हाताने कपाट उघडतो, जर्नल चाळतो, चष्मा वर सरकवतो आणि फोन काढून ‘हो आई, डबा खाल्ला’ असं कळवतो. हटकलं तर म्हणतो, ‘ग्लोव्हज आहेत ना सर!’

कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीची वर्षं काढल्यावर माझं मत झालंय की आपले लोक हातमोजा सोवळं म्हणून घालतात. घातला की आपण शुद्ध, आता कशालाही हात लावायला मोकळे. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे. हातमोजा घालून बाटलीला हात लावला की आपण ओवळे. त्यानंतर दाराच्या कडीने, वहीने आणि शेजारच्या माणसाने आपल्यापासून जपायचं. जुनं सोवळं गेलं ते उत्तमच झालं, त्यात माणसांचाच विटाळ मानण्याची घाण होती. पण कुठला हात कुठे लागला याचा हिशेब ठेवायची सवयही त्याच्याबरोबर गेली.

परवा रक्त तपासायला गेलो. रक्त घेणारा तरुण बाहेरूनच हातमोजे घालून, दार ढकलत आला. सुई टोचली, रक्त काढलं, कापूस दाबला आणि तीच बोटं की-बोर्डवर ठेवून विचारलं, ‘काका, वय?’ वय टाइप झाल्यावर कान खाजवला. मी भीत भीत विचारलं, ‘हे ग्लोव्हज बदलता ना?’ ‘म्हणजे काय काका! रोज संध्याकाळी.’

शस्त्रक्रियेच्या खोलीत रबरी हातमोजा आला तोदेखील रोग्याच्या काळजीपोटी नव्हे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅलस्टेड या सर्जनच्या हाताखाली कॅरोलिन हॅम्प्टन नावाची परिचारिका होती. निर्जंतुकीकरणाच्या मर्क्युरिक क्लोराइडने तिच्या हातांची कातडी सोलवटायची. हॅलस्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले आणि १८९० मध्ये तिच्याशी लग्न केलं. जंतूंपासून रोग्याचं रक्षण हा फायदा लोकांच्या नंतर लक्षात आला. प्रेमात फुलं देणारे पुष्कळ भेटतात; हॅलस्टेडची भेट निदान टिकली.

हातमोजा ‘जाड असला की झालं’ हा आणखी एक लोकप्रिय सिद्धांत. नायट्राइल तेलाला, पेट्रोलला चांगलं तोंड देतं. ॲसिटोनपुढे मात्र काही मिनिटांत नांगी टाकतं, तिथे ब्युटाइल रबर लागतं. शिवाय आत शिरायला रसायनाला भोक लागत नाही. रेणू रबरातून मुकाट्याने झिरपतात आणि हातमोजा बाहेरून अगदी धड दिसत राहतो.

इथे थट्टा थोडी थांबवतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्या जाणकार प्राध्यापिका होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर सांडले. तेव्हाच्या नियमांत त्यांचं काही चुकलं नव्हतं. जून १९९७ मध्ये त्या पाऱ्याच्या विषबाधेने गेल्या. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की हे रसायन तसला हातमोजा पंधरा सेकंदांच्या आत पार करतं.

आमच्याकडे हातमोज्याची निवड रसायन पाहून होत नसे, कोटेशन पाहून होत असे. सगळे लार्ज यायचे. प्रयोगशाळेतले मामा समजूत घालायचे, ‘सर, मोठा लहानाला होतो, लहान मोठ्याला होत नाही.’ बारीक हाताच्या मुली पिपेट धरायच्या तेव्हा बोटांच्या पुढे इंचभर रबर लोंबत असे. प्रॅक्टिकल संपलं की मामा ते एकदाच वापरायचे हातमोजे धुऊन, पावडर लावून गॅलरीत दोरीवर वाळत घालायचे. वाऱ्यावर ते पन्नासेक हात आख्ख्या विभागाला टाटा करत असत. मामांची काटकसर मला आवडायची. तिची जागा तेवढी चुकली होती.

तेव्हा कृपा करून एवढं करा. काढताना एका हातमोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरा, तो उलटा करत ओढा आणि दुसऱ्या मुठीत धरून ठेवा. मग उघडं बोट दुसऱ्याच्या आत सरकवून तोही उलटा करा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जाईल. मग साबणाने हात धुवा. दवाखान्यातला वापरलेला हातमोजा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लाल पिशवीत जातो, रसायनांनी माखलेला रसायनांच्या कचऱ्यात. दोरीवर कुठलाच जात नाही.