हे बटण बंद करू नये

घरात बिनतारी डिमर बसवण्याचा निर्णय झाला असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. निर्णय झालेला नसेल आणि दिवाळीच्या सेलमध्ये मध्यरात्री मागवलेली वस्तूच नुसती दारात येऊन पडली असेल, तरी घाबरू नये. बहुतेक घरांत डिमरचा प्रवेश याच मार्गाने होतो, आणि प्रस्तुत मार्गदर्शन मुख्यतः अशाच गृहस्थांसाठी लिहिले आहे. लेखकही त्यांतलाच एक.

आधी व्याख्या पाहू. दिवा पुरता लावायचाही नाही आणि पुरता मालवायचाही नाही, यासाठी केलेली सोय म्हणजे डिमर. कंदिलाची वात खाली करणे हे डिमिंगच होते. एकेकाळी नाटकवाले मिठाच्या पाण्यात धातूचे तुकडे वरखाली करून रंगमंचावर संध्याकाळ आणत. भिंतीतल्या बटणाच्या जागी मावेल असा डिमर मात्र अमेरिकेतल्या जोएल स्पायरा यांच्या खटपटीतून आला. १९५९ च्या सुमारास त्यांनी हे काम हाती घेतले आणि १९६१ मध्ये लुट्रॉन ही कंपनी काढली. त्याआधीचे डिमर उजेड कमी करत, पण वाचलेली वीज उष्णता करून उधळून टाकत. आपल्याकडचा पंख्याचा जुना रेग्युलेटर, तो हात लावला की गरम लागणारा डबा, याच कुळातला. आणि ज्याला आपण मंद प्रकाशाचा आदर्श मानत आलो, तो झिरोचा बल्ब प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट खात असे. आज माझ्या हॉलमध्ये लख्ख पेटणारा एलईडी ९ वॅटचा आहे. ही माहिती घरातल्या ज्येष्ठांना सांगताना जपून सांगावी. मी सांगितली, तेव्हा बाबा म्हणाले, “मग त्याला झिरो का म्हणायचे?” आणि ती संध्याकाळ त्यातच गेली.

आता पायरी पहिली: वायरमनला बोलावणे. “मी स्वतः बसवीन” हा विचार मनात आल्यास एक ग्लास पाणी प्यावे. वायरमन आल्यावर आधी मेन बंद करावा, तो बंद झाल्याची त्याच्या टेस्टरने खात्री करून घ्यावी. हे वाक्य विनोदात धरू नये. मग तो बोर्डाचे स्क्रू काढतो, आत बघतो आणि विचारतो, “हे कोणी केलंय?” प्रत्येक वायरमन हा प्रश्न मागच्या वायरमनबद्दल विचारतो. उत्तर देऊ नये. विशेषतः मागच्या वेळीही तोच आला असेल तर.

तुम्ही त्याला विचारायचा प्रश्न एकच: “बोर्डात न्यूट्रल आहे का?” आपल्या घरांत मोठ्या बोर्डावर बहुधा पाच अँपिअरचा सॉकेट असतो, त्यामुळे न्यूट्रल तिथवर आलेली असते. पण दाराशेजारच्या दोन बटणांच्या चिमुकल्या बोर्डात अनेकदा नुसती फेज येते आणि बटणातून वर दिव्याकडे निघून जाते. न्यूट्रल परस्पर दिव्यालाच जोडलेली असते. बिनतारी डिमरला मात्र आपण झोपलो तरी जागे राहावे लागते, कारण फोनवरून हुकूम कधी येईल याचा नेम नाही, आणि जागे राहायला वीज लागते. न्यूट्रलविना चालणारे डिमर बाजारात आहेत. ते आपल्या पोटापुरती वीज दिव्यातूनच चोरून घेतात. पूर्वीच्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला ही चोरी कळत नसे. ९ वॅटच्या एलईडीला कळते, आणि तो बंद असतानाही मिणमिणतो किंवा मध्येच लुकलुकतो. आमच्या बेडरूममध्ये दिवा असा रात्रभर डोळे मिचकावत होता. आईने सकाळी कोणाला काही न सांगता खोलीत उदबत्ती फिरवली. वायरमनने न्यूट्रल ओढून दिल्यावर दिवा शांत झाला. श्रेय उदबत्तीला गेले.

दुसरी पायरी बल्बाची, आणि इथे थांबून खोके वाचावे. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे एलईडी घरोघरी पोचला, बाजारातही स्वस्त झाला, हे उत्तम झाले. पण साधा एलईडी डिमरसाठी बनवलेला नसतो, तशी बारीक अक्षरांत सूचनाही असते. आपल्या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा पुरी होते, म्हणजे १०० वेळा शून्यावर येते. भिंतीतला डिमर त्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापून ठेवतो आणि उरलेली दिव्याला देतो. दर्शनी कारभार साधा आहे. पण ज्याला अशी तुटकी लाट पचत नाही तो एलईडी थरथरतो, गुणगुणतो आणि यथावकाश मरतो. डिमरवर पंखा लावू नये. त्याचा रेग्युलेटर वेगळा. डिमरवर स्मार्ट बल्बही लावू नये. दोघेही स्वतःला कारभारी समजतात. आणि घरात जुना, चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर डिमर जो आवाज काढतो त्यासाठी पाहुण्यांना आधीच कल्पना द्यावी.

हे सगळे नको असेल तर दुसरा पंथ आहे. भिंतीला हात न लावता होल्डरमध्ये स्मार्ट बल्ब बसवायचे आणि भिंतीवर बॅटरीचे बिनतारी बटण चिकटवायचे. खोदकाम नाही, वायरमन नाही, न्यूट्रल नाही. मी शेवटी सात खोल्यांत मिळून आठ बल्ब लावून याच पंथात गेलो, म्हणून पुढचे मार्गदर्शन अनुभवाचे आहे.

जोडणीचा विधी असा. वायफायवाले बल्ब बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, तुमचा फोन मात्र ऐटीत ५ गिगाहर्ट्झवर बसलेला असतो, त्यामुळे दोघे एकाच घरात राहून एकमेकांना ओळखत नाहीत. दोन तास ‘डिव्हाइस सापडले नाही’ वाचल्यावर हे समजते. झिग्बीवाल्या बल्बांचे निराळे. त्यांच्या पद्धतीला नाव मधमाश्यांच्या नाचावरून दिले आहे आणि कामही पोळ्यासारखेच चालते: मेन लाइनवरचा प्रत्येक बल्ब स्वतः पेटतो आणि शिवाय निरोप पुढच्या बल्बला पोचवतो. हॉलमधून निघालेला निरोप पॅसेजच्या बल्बाकरवी गॅलरीत जातो. ही रचना अत्यंत हुशारीची आहे. तिच्यात एकच गृहीतक आहे, की घरातले कोणीही भिंतीवरचे जुने बटण बंद करणार नाही.

इथे बाबांचा परिचय करून द्यायला हवा. बाबांनी उभ्या हयातीत रिकाम्या खोलीत दिवा चालू सोडलेला नाही. त्यांचा हात खोलीबाहेर पडताना आपोआप बटणावर जातो, जसा देवळात शिरताना घंटेवर जातो. पहिल्याच रात्री त्यांनी पॅसेजचे बटण खटकन बंद केले. पॅसेज गेला, त्याच्या आधाराने बोलणारी गॅलरी गेली, मागची बेडरूमही गेली. ॲपमध्ये तीन दिव्यांपुढे ‘प्रतिसाद नाही’ असे आले.

“बाबा, ते बटण चालूच ठेवायचं असतं.”

“दिवा बंद कसा करायचा मग?”

“या बटणानं.”

“आणि हे कशाला?”

“हे चालू ठेवायला.”

बाबांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. नुसता सज्ज बसलेला बल्ब साधारण अर्धा वॅट घेतो. आठ बल्ब, चार वॅट. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे दिवे न लावता ३५ युनिट. “अंधाराचं बिल,” ते म्हणाले. हिशेब बरोबर होता, मी दोनदा तपासला.

म्हणून या मार्गदर्शनातली सर्वांत महत्त्वाची पायरी: पाटी. पुण्यात राहून ही पायरी चुकवणाऱ्याला सहानुभूती मिळणार नाही. माझा पहिला मसुदा होता, ‘कृपया हे बटण बंद करू नये.’ तो अयशस्वी ठरला, कारण ‘कृपया’ म्हटले की ऐच्छिक वाटते. दुसरा मसुदा, ‘हे बटण बंद केल्यास गॅलरीतील दिव्याचा संपर्क तुटतो’, हा माहितीपूर्ण होता; कामाच्या मावशींनी तो वाचून विचारले, “कोणाशी?” तिसरा, ‘हे बटण बंद करू नये. केल्यास कारण विचारले जाईल’, बायकोने पाहिला आणि काही न बोलता काढून फ्रिजमागे टाकला. शेवटी बटणांवर पारदर्शक चिकटपट्टी मारली. कोणी ती नखाने काढलेली दिसली तर गुन्हा जाणूनबुजून केला हे सिद्ध होते. चौकशीस सोपे जाते.

आता टक्क्यांविषयी. डिमर घरात आला की उजेड टक्क्यांत बोलू लागतो, आणि टक्का म्हटला की भांडण आलेच. त्यात निसर्गाने गोंधळ करून ठेवला आहे. दिव्याचा उजेड मोजून १० टक्क्यांवर आणला, तरी डोळ्याला तो साधारण ३२ टक्के वाटतो, कारण कमी उजेडात बाहुल्या मोठ्या होतात. तेव्हा माझे १० आणि बाबांचे ३० हे दोन्ही खरे असू शकतात, हे शास्त्राने मान्य केले आहे, घराने नाही. मी सिनेमा बघायला हॉल ४० वर ठेवला होता. आई ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसली.

“अरे, दिवा लाव.”

“लावलाय.”

“मग लागू दे की.”

तांदूळ, सुईत दोरा ओवणे आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख, या तीन कामांना १०० टक्क्यांच्या खाली तडजोड नाही. ॲपमध्ये त्या सेटिंगला नाव द्यायचे असते. बाकीच्यांनी ‘वाचन’, ‘चित्रपट’ अशी दिली. मी ‘आई’ असे दिले होते, आणि दिवसातून सर्वांत जास्त वेळा तेच दाबले जाई.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. ‘संध्याकाळी साडेसहा’ असे ठेवू नये. पुण्यात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आतच. ‘सूर्यास्त’ हाच पर्याय निवडावा, दिवेलागण बरोबर साधते. देवाजवळचे निरांजन मात्र या योजनेत घेण्याचा प्रस्तावही मांडू नये. मी मांडला होता.

आणखी एक सेटिंग आजच्या आज बघा. वीज जाऊन परत आली की अनेक स्मार्ट बल्ब आपण आधी किती मंद होतो हे विसरतात आणि पूर्ण ताकदीने पेटतात. पावसाळ्यात एका रात्री पावणेतीनला वीज आली, आणि सातही खोल्यांत एकदम लग्नघरासारखा उजेड झाला. समोरच्या विंगेतल्या काकूंनी फोन केला, “सगळं ठीक आहे ना?” वीज आल्यावर बल्बाने काय करावे याचे सेटिंग ॲपमध्ये खोलवर कुठेतरी असते, तिथे ‘आधीच्या स्थितीत राहा’ निवडावे. मी सकाळी निवडले, पण तोवर काकूंनी तीन घरी कळवले होते.

बिनतारी बटणाच्या मागे लोहचुंबक असते, जेणेकरून ते भिंतीवरून काढून हातात घेता यावे. ही या यंत्राची सर्वांत मोठी सोय आणि ते हरवण्याचे एकमेव कारण. आमचे आधी सोफ्याच्या फटीत सापडे. पुढे ते फ्रिजच्या दारावर गेले, त्याखाली सोसायटीच्या पाणीकपातीची नोटीस अडकवलेली असे. कोणी नोटीस ओढून काढली की हॉलमधला दिवा हळूच मंद होई. आत सीआर २०३२ हा सेल असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नावातच मापे लिहिलेली. लहान मूल घरात असेल तर हे सेल कुलपात ठेवावेत. गिळला गेल्यास अन्ननलिका भाजून निघायला दोन तासही पुरतात. तसे झाले असे वाटले, तरी थांबून न बघता सरळ दवाखाना गाठावा.

डिमर खरोखर कुठे उपयोगी पडला, हे सांगितल्याशिवाय मार्गदर्शन पुरे होणार नाही. बाबांना रात्री दोनदा उठावे लागते. मोठा दिवा लावला की डोळे दिपतात आणि परत झोप लागत नाही, न लावला तर चपलांच्या रॅकला पाय लागतो. पॅसेजचा दिवा आता रात्री अकरा ते पहाटे सहा ५ टक्क्यांवर असतो. फरशीची रेघ दिसेल इतकाच उजेड. पहिल्या रात्री बाबा त्या उजेडात उभे राहिलेले मी दाराच्या फटीतून पाहिले. हात सवयीने बटणाकडे गेला, चिकटपट्टीपाशी थांबला आणि खाली आला. सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, “त्या एका दिव्याचे वर्षाचे चार युनिट मी सोडले.” बाकी सात दिव्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

त्या सात होल्डरांत आता साधे एलईडी आहेत आणि भिंतीवरची बटणे खटाखट चालतात. भिंतीतले दोन डिमर आणि तीन बिनतारी बटणे खोक्यांसकट पडून आहेत, बिलेही आहेत. हवी असल्यास येऊन घेऊन जावीत. निघण्यापूर्वी आपल्या बोर्डात न्यूट्रल आहे का, तेवढे वायरमनला विचारून यावे.