डेर-डी-डासवाला

जर्मन शिकणारा पोट्टा हा वऱ्हाडातला तसा नवा प्रकार. कुशल मनुष्यबळ पुरवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्यामुळे अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीतही तो आढळावा, यात नवल नाही. रात्री तो ‘डास, डास’ पुटपुटू लागला की घरचे कासवछाप लावतात.

त्याची पहिली खूण म्हणजे वस्तूचे नाव घेण्याआधी तो अडखळतो. जर्मन नामापुढे लिंग सांगणारे आर्टिकल लागते: डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. तीन लिंगे मराठीतही आहेत, म्हणून सुरुवातीला तो खुशीत असतो. चहा पुल्लिंगी, ‘टे’ही पुल्लिंगी, इथवर ठीक. पण साखर ‘त्सुकर’ होताच पुरुष होते आणि दूध ‘मिल्श’ होताच बाई. ‘मेड्शेन’ हा शब्द त्याला गावचाच वाटतो. पण त्याचा अर्थ मुलगी आणि लिंग नपुंसक! ‘-शेन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी होते, हे कारण त्याला पटत नाही. तेवढ्यात आजी त्यालाच हाक मारते, “कुठं गेलं ते पोट्टं?”

दुसरी खूण अनेकवचनाची. किंड-किंडर, फ्राउ-फ्राउएन, ऑटो-ऑटोस असे प्रत्येकाचे वेगळे बिऱ्हाड. ‘फेन्स्टर’ म्हणजे खिडकी मात्र आपल्या दगडासारखी, एक असो की दहा, तशीच. अनेकवचनात तिन्ही लिंगांना एकच ‘डी’, एवढाच दिलासा.

विभक्तीला तो भीत नाही. शाळेत आठ घोकलेल्याला चार कसल्या जड? पण मराठीत नाम स्वतः वाकते: घोडा, घोड्याला. जर्मनमध्ये नामसाहेब बहुधा ताठ उभे राहतात, वाकतो तो पुढचा शिपाई: डेर, डेन, डेम, डेस. त्यातही ‘युंगे’ म्हणजे मुलगा, कर्ता नसला की ‘युंगेन’ होतो.

सामासिक नामात शेवटच्या शब्दाचे राज्य. देवघर घरामुळे नपुंसकलिंगी, पोळपाट पाटामुळे पुल्लिंगी, तसेच तिथे. ‘बोने’ म्हणजे शेंगेतला दाणा, स्त्रीलिंगी. म्हणून वावरातले ते सोयाबीन जर्मनीत ती ‘सोयाबोने’ होते. शिवाय प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे लिहायचे. देवनागरीत लहान-मोठे अक्षरच नसल्याने हे गुण हमखास जातात.

‘चहा’ला ‘तो’ का म्हणायचे, हे मेडशीत कोणी शिकवले नव्हते. ते कानावरून आले. जर्मनसाठी ते वय उलटून गेलेले असते. म्हणून नाम पाठ करावे ते आर्टिकल आणि अनेकवचनासकट. नुसते नाम पाठ करणे म्हणजे बिनपत्त्याचे पाकीट टाकणे.